शेवटचा हात राहिलाय का?

अर्धापुरात जुनं लाकडी सामान कुणाकडेच नाही. कुठल्याही घरी विचारून बघा. "कशाचं जुनं? सगळं बंबात गेलं," हे उत्तर ठरलेलं. मग तुम्ही चहा पिता, कप खाली ठेवता, निघताना मागच्या दाराने जाता आणि गोठ्याच्या कडेला कडब्याखालून एक कातीव पाय दिसतो. "ते व्हय? ते काही नाही, कोंबड्या बसतेत त्याच्यावर." तुम्ही वाकता, नखाने टोकरून बघता. सागवान. बैठकीला वेत विणल्याची भोकं अजून शाबूत, हात लांबलचक. चांगली आरामखुर्ची आहे. "द्यायची का?" एवढं तोंडातून निघायचा अवकाश, काल संध्याकाळपर्यंत जिच्यावर कोंबड्या बसत होत्या तिच्यावर आजोबा येऊन बसतात. आजोबांच्या पाठोपाठ निजाम येतो.

"निजामाच्या काळातली आहे ती. अशी नाही द्यायची."

जुन्या खुर्च्या, टेबलं, कपाटं, फडताळं आणायची, खरवडायची, घासायची, निखळलेला सांधा मिस्त्रींकडून बसवून घ्यायचा, पॉलिश नाहीतर रंग द्यायचा आणि घरूनच विकायची, हा माझा धंदा. गावाने त्याला अजून नाव दिलेलं नाही. रंधा धरत नाही म्हणून मला सुतार म्हणता येत नाही, भिंती रंगवत नाही म्हणून पेंटर म्हणता येत नाही. बाहेरचं माणूस पत्ता विचारायला लागलं की लोक सांगतात, "त्या मोडकं घेणाऱ्या मॅडम ना? सरळ जा, अंगणात कपाट उताणं पडलेलं दिसंल." मॅडम ही माझ्या शिक्षणाची कमाई आणि मोडकं ही धंद्याची.

निजामाचं मात्र एकदा सांगून टाकते. मराठवाडा हैदराबाद संस्थानातून सुटला तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी. म्हणजे वस्तू निजामाच्या काळातली म्हणायची तर ती त्याच्या आधीची हवी. आमच्या तालुक्यातल्या सगळ्या दाव्यांवर विश्वास ठेवायचा तर निजामाने राज्य कमी केलं आणि सुतारकाम जास्त केलं. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचं चित्र १९३७ साली अमेरिकेतल्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून छापून आलं होतं. तो पैसा कुठे गेला याचा शोध इतिहासकार घेत असतात. त्यांनी अर्धापूर तालुक्यात यावं. प्रत्येक घरात एक टेबल आहे.

खरं-खोटं करायचा माझा उपाय साधा आहे. वस्तू उलटी करायची. टेबल पायांवर उभं असेपर्यंत घरमालकाच्या बाजूने बोलतं, उताणं केलं की खरं सांगतं. खाली स्टार स्क्रू दिसला तर निजामाला घरी पाठवायचं. असले स्क्रू अमेरिकेतच १९३० च्या दशकात निघाले, ते त्याच दशकात बैलगाडीने अर्धापूरपर्यंत पोहोचले असतील असं वाटत नाही. सांध्यात पांढरा, प्लास्टिकसारखा कडक डिंक असेल तर तो फेविकॉल, आणि फेविकॉल बाजारात आलं १९५९ साली. त्याआधीचे मिस्त्री सरस वापरायचे, जनावरांच्या कातड्या-हाडांचा, गरम करून लावायचा. जुन्या सरसाला गरम पाणी लागलं की तो सुटतो आणि वासही सोडतो. तो वास आला की मला आनंद होतो, घरातल्यांना होत नाही. पण उलटं करायला हात घातला की मालक दुखावतात. "उलटं कामून करायलाव? आमच्यावर भरोसा नाही का?" भरोसा असतो हो. त्यांच्यावर असतो, टेबलावर नसतो.

शिवाय वय वाढवून सांगण्यात एक कायदेशीर खोच आहे आणि ती कुणाच्याच ध्यानात येत नाही. पुरावस्तूंबाबतचा केंद्र सरकारचा १९७२ चा कायदा आहे. शंभर किंवा त्याहून जास्त वर्षांची कलाकुसरीची वस्तू ही पुरावस्तू ठरते, तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेऊन विकता येत नाही. त्यामुळे विकणारे काका छातीवर हात ठेवून "दीडशे वर्षांची आहे" म्हणतात तेव्हा त्यांच्या तोंडून अभिमान बोलत असतो आणि कायद्याच्या दृष्टीने ते कबुलीजबाब देत असतात. विकणारा वय चढवतो, घेणाराही चढवतो. मधे उभी राहून उतरवणारी मी एकटी. कुणी कितीही आग्रह केला तरी मी नव्वदीच्या पुढे जात नाही.

माल मिळतो तो मात्र खरोखर चांगला. आमच्याच जिल्ह्यात किनवट-माहूरचं सागवान, त्यामुळे इकडच्या जुन्या घरांनी लाकडाला कधी हात आखडला नाही. माळवदाची घरं, आत शिरताच ढाळज, कोरलेले खांब, वर सागाच्या तुळया. आता माळवद पाडून स्लॅब टाकायचा जमाना. खांब, चौकटी आणि दारं यांना मोठं गिऱ्हाईक आहे, ती हैदराबाद-पुण्याच्या हॉटेलांत जाऊन उभी राहतात. बैलगाडीची चाकं ढाब्यांनी नेली. बैल गेले आणि चाकाला दिवे लावून ते जेवणाऱ्यांच्या डोक्यावर टांगलं. उरतं ते किरकोळ सामान, ज्याला घर पाडताना कुणी मोजत नाही. त्याचा खरा शत्रू वाळवी नाही, पाणी तापवायचा तांब्याचा बंब आहे. घरोघर गॅस आला तशा कित्येक खुर्च्या वाचल्या. सिलिंडरचा भाव चढला की त्यांचा जीव पुन्हा टांगणीला लागतो, आणि मी चार घरं जास्त फिरून येते.

आणलेली वस्तू खरवडायला घेतली की पहिला थर निघतो आकाशी. कारण एका वर्षी खिडक्यांच्या गजांना आकाशी दिला होता. फर्निचरसाठी म्हणून आमच्याकडे कधी कुणी रंग आणत नाही. खिडक्यांचा उरतो तो कपाटाला, कपाटाचा उरतो तो खुर्चीला आणि खुर्चीचा उरला तर पोळ्याला बैलांच्या शिंगांना. कधी उलटा प्रवास होतो. शिंगांचा उरतो तो खुर्चीला. म्हणून आकाशीखाली गुलाबी निघतो. गुलाबीखाली चॉकलेटी, चॉकलेटीखाली हिरवा, आणि तळाशी सागवान, ज्याला रंगाची गरजच नव्हती.

हे थर कोरडे घासू नयेत, एवढं मात्र गंभीरपणे सांगते. जुन्या ऑइल पेंटात शिसं असायचं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. आमच्या खुर्च्यांवरचे रंग बहुतेक त्याच्या आधीचे. म्हणून पाणी मारून ओलंच घासायचं, तोंडाला मास्क लावायचा आणि लेकरांना लांब ठेवायचं. मास्क लावून मी पहिल्यांदा अंगणात बसले तेव्हा शेजारच्या काकूंनी कुंपणाच्या पलीकडूनच विचारलं, "परत आला का गं तो?"

रंगाखाली रंगच निघतो असं नाही. अक्षरंही निघतात, आणि तिथे खरी मजा आहे. आपल्या माणसांना वस्तू देण्याचा आनंद अर्धा, त्यावर नाव टाकण्याचा पूर्ण. भांड्यांवर नावं कोरतात, तशीच खुर्च्यांच्या पाठीवर, पाटाच्या खाली, कपाटाच्या दारावर पांढऱ्या ऑइल पेंटने 'मामाकडून सप्रेम भेट'. मी हे खरवडून काढते ते फुकट. ठेवायचं असेल तर वेगळे पैसे, कारण अक्षरांच्या कडेकडेने घासायला वेळ लागतो. एका घरच्या कपाटावर मामा आणि काका अशी दोन नावं होती. निरोप आला, "मामाचं राहू द्या, काकाचं काढा." कारण विचारायची गरज नव्हती, बांधाची केस कोर्टात होती. मी काकांचं नाव खरवडलं. महिनाभराने फोन आला, तडजोड झाली आहे, काकांचं परत लिहिता येईल का? आता त्या कपाटावर काकांचं नाव मामांपेक्षा ठळक आहे. मामा अजून बघायला आलेले नाहीत.

दुसऱ्या एका घरातली खुर्ची 'आमच्या वडलांची' म्हणून जपलेली होती. पोरांना तिच्यावर बसू देत नसत. चॉकलेटी रंग सुटायला लागला तशी पाठीवर आधी 'केंद्र' अशी अक्षरं दिसली, मग 'बिछायत', मग गावाचं नाव आणि खुर्चीचा क्रमांक. मी मालकांना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वडलांच्या लग्नात ऱ्हायली असंल." मी म्हटलं, म्हणजे बिछायतवाल्यांची आहे ही. त्यावर त्यांनी दिलेलं उत्तर कुठल्याही वकिलाने वहीत उतरवून घ्यावं: "वडलांच्या लग्नातली हाय म्हणजे वडिलोपार्जितच झाली की!"

इथवरचं काम मेहनतीचं आहे, अवघड नाही. अवघड पुढे आहे, कारण गिऱ्हाईक दोन प्रकारचं आहे. अर्धापूरच्या माणसाला जुनी खुर्ची नवी दिसायला हवी. पुण्याच्या, हैदराबादच्या माणसाला नवीसुद्धा जुनी दिसायला हवी. खुर्ची एकच, अंगण एकच, पॉलिश पेपरही तोच. एकाला खूश करण्यासाठी घासते तेव्हा दुसऱ्याचं नुकसान होतं.

शहरात सध्या ज्या बिनचमकीच्या रंगाची हवा आहे त्याचं मूळ इंग्लंडात. अ‍ॅनी स्लोन नावाच्या बाईंनी १९९० साली हा 'चॉक पेंट' काढला. प्रायमर नको, फार घासायला नको, ब्रश फिरवला की काम सुरू. वाळल्यावर खडूसारखा मळकट-मऊ दिसतो आणि वरून मेण चोळायचं. त्याच सुमारास, १९८९ साली, रेचेल अ‍ॅशवेल यांनी कॅलिफोर्नियात सँटा मोनिकाला 'शॅबी चिक' नावाचं दुकान थाटलं, आणि रंग उडालेलं, पोपडे निघालेलं कपाट श्रीमंतांच्या दिवाणखान्यात गेलं. आमच्याकडे ते आधीपासूनच घरात होतं, पण आम्ही त्याच्यापुढे पडदा लावत होतो. घरगुती कृती म्हणाल तर इमल्शनमध्ये खडूची भुकटी नाहीतर प्लास्टर ऑफ पॅरिस कालवायचं, गुठळ्या होऊ द्यायच्या नाहीत. माझा बराचसा धंदा या घरगुतीवरच चालतो.

अशा रंगाचं एखादं फडताळ वाळवायला अंगणात ठेवलं की जाणारा-येणारा थांबतो.

"शेवटचा हात राहिलाय का?"

"नाही काका, झालं."

"झालं?" हे 'झालं' ते अशा आवाजात म्हणतात की दवाखान्यातून घरी आणलेल्या माणसाची चौकशी चाललीय असं वाटावं. "आसू दे. पैसे आले की दे वरून एक हात."

त्यांच्या दृष्टीने ते फडताळ प्रायमरवर थांबलेलं असतं आणि आमच्या घरात पैशाची ओढाताण असते. एकदा तर एका भल्या गृहस्थांनी स्वतःच्या गेटचा उरलेला अर्धा डबा आणून दिला. सोनेरी होता. त्यांना नाही कसं म्हणायचं? डबा ठेवून घेतला. पुढच्या पोळ्याला बैलवाल्यांकडे गेला.

याच्या पुढची पायरी म्हणजे रंग दिल्यावर तोच कडेकोपऱ्यांवरून थोडा उडवायचा. जिथे हात लागतात, पाय घासतात, तिथेच उडवायचा, म्हणजे वापरून झिजल्यासारखं दिसतं. पॉलिश पेपरचा नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. १२० ने उडवायचं, २२० ने कडा मऊ करायच्या. एरवी पेपर घासायला मी एका पोराला लावते, पण उडवायचं काम कुणाला देत नाही, कारण त्याला वाटतं मॅडमचं डोकं फिरलंय आणि तो दयेपोटी उडवतच नाही. गावचं गिऱ्हाईक आलं की बोट त्या कोपऱ्यावर.

"इथला रंग गेलाय की. टेम्पोत घासलं का?"

"मुद्दाम घासलंय."

"मुद्दाम?" मग नजर माझ्यावरून माझ्या नवऱ्याकडे जाते आणि तिथे सहानुभूतीने थांबते. शेवटी दोनशे रुपये कमी करून मागतात, उडालेल्या रंगाचे. त्याच कोपऱ्याचा फोटो पुण्याला पाठवला की तिकडून उत्तर येतं, "अजून थोडं उडवता येईल का?" आणि त्याचे जास्त पैसे मिळतात. गावात रंग लावल्याचे पैसे, शहरात काढल्याचे. मजुरी मला दोन्हीकडे एकच पडते.

डागांचंही तेच. आमचा पट्टा केळीचा. 'अर्धापुरी' नावाची केळीची जातच आहे. शेतात नेलेल्या खुर्चीवर, स्टुलावर केळीचा चीक पडतो आणि तो काळपट-तांबूस डाग कशानेही जात नाही. कपड्यावरून जात नाही, लाकडावरून कसा जाईल? गावातलं माणूस तो बघून नाक मुरडतं. शहरातल्या बाई फोटो मोठा करून बघतात आणि विचारतात, "हा इफेक्ट कसा आणला?" मी सांगते, यासाठी आधी दोन एकर केळी लावावी लागते. हळदीच्या डागाला मात्र भाव नाही, कारण तो टिकत नाही. लग्नाच्या हळदीत पिवळा झालेला पाट चार दिवस उन्हात टाकला की हळद आपोआप उडून जाते.

गावच्या गिऱ्हाइकाला हवी ती चमक. "तोंड दिसलं पाहिजे," ही मागणी. त्यासाठी मेलामाइन, पीयू असल्या पॉलिशी आहेत, फवारल्या की कपाट दुसऱ्या दिवशी आरशाचं काम करतं. मला स्वतःला जुनं लाखेचं पॉलिश आवडतं. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे जो राळेसारखा पदार्थ सोडतात त्याची चपडी, ती स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापडात कापूस गुंडाळून त्याच्या गादीने गोल गोल चोळत थरावर थर चढवायचे. याला 'फ्रेंच पॉलिश' म्हणतात. लाख आपली, झाड आपलं, किडा आपला आणि नाव फ्रेंच. दिसतं मात्र असं की लाकडाच्या आतून उजेड आल्यासारखं वाटावं. दोष दोनच. पावसाळी दमट हवेत केलं तर पांढुरकं पडतं, आणि वर गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं. पहिला दोष आमच्याकडे फार नडत नाही, मराठवाड्यात दमट हवा येते कितीशी? दुसऱ्यापुढे काही इलाज नाही. नवीन पॉलिश केलेलं टेबल घरी पोहोचलं की पहिला पाहुणा येतो, पहिला चहा येतो आणि कप बशी सोडून टेबलावर टेकतो. त्या वर्तुळाचा फोटो मला संध्याकाळच्या आत येतो.

घरातला विरोध वेगळ्या कारणाचा होता. दुसऱ्याचं मोडकं घरात आणू नये, असं सासूबाईंचं पहिल्यापासूनचं म्हणणं. त्यावर तोडगा निघाला, माल उंबऱ्याच्या आत यायचा नाही, अंगणातच राहायचा. पण पलंगाला अंगणही बंद. आणि यात त्या एकट्या नाहीत. पलंग बघायला आलेलं गिऱ्हाईक लाकूड कोणतं हे विचारत नाही, विचारतं, "कुणाचा होता?" त्याच्या पाठोपाठ दबक्या आवाजात, "आहेत का ते?" असले तर भाव वाढतो, नसले तर पलंग विकला जात नाही. शिसवी असो, कोरीव असो, पितळी कड्यांचा असो. मग मी मिस्त्रींकडून त्याच्या डोक्याकडच्या फळीची पाठ करून घेते, कडेच्या पट्ट्यांचे हात आणि बाक तयार. ज्यावर निजायला माणसं भितात त्यावर बसायला भीत नाहीत. असा बाक तर सासूबाईंनाही चालतो. दुपारी त्या त्यावर बसून मला सांगतात की पलंग आणू नको.

पाळण्याचा नियम बरोबर उलटा. त्यात जितकी लेकरं वाढली तितका तो शुभ, घरोघर फिरतो, प्रत्येक बाळंतिणीकडून पुढच्या बाळंतिणीकडे. पण विकायचा नसतो. त्यामुळे तालुक्यातले सगळ्यांत सुंदर कातकाम केलेले पाय मला फक्त बारशाला बघायला मिळतात. देवघर विकतात, घेत कुणी नाही. गावात प्रश्न पडतो, आधीचे देव गेले का नीट? म्हणून देवघरं शहरात जातात आणि तिथे त्यांची पुस्तकांची कपाटं होतात. एकात हल्ली वायफायचा डबा ठेवलाय, तसा फोटो आला होता. सासूबाईंना दाखवलेला नाही.

कुठल्याही कचेरीच्या मागच्या बाजूने जाताना माझी पावलं हळू पडतात, याचा दोष चंदीगडला. ते शहर १९५० च्या दशकात उभं राहत होतं तेव्हा त्याचे वास्तुकार ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिएर जान्नरे यांनी तिथल्या कचेऱ्यांसाठी सागवानाच्या, वेताच्या बैठकीच्या खुर्च्या घडवून घेतल्या. कारकून बसले, साहेब बसले, खुर्च्या मोडल्या, गच्च्यांवर ढीग लागले, भंगाराच्या लिलावात किरकोळ भावाने गेल्या. पुढे त्याच खुर्च्या पॅरिस-लंडनच्या लिलावांत लाखांच्या भावाने विकल्या जायला लागल्या. मग २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने त्यांची विक्री थांबवणारा आदेश काढला. सरकारी खुर्चीची किंमत सरकारला कळायला तिला आधी परदेशात जावं लागलं.

हे वाचल्यापासून आमच्या भागातल्या सरकारी आवारांतले तीन पायांच्या खुर्च्यांचे ढीग मला वेगळे दिसतात. पण तिथे हात लावायची सोय नाही. सरकारी खुर्ची मोडते ती फक्त प्रत्यक्षात. जडसंग्रह नोंदवहीत ती चार पायांवर उभी असते, आणि तिचं रीतसर निर्लेखन होईपर्यंत तिला कुणी मोडकी म्हणू शकत नाही. निर्लेखनाला प्रस्ताव लागतो, प्रस्तावाला साहेब लागतात, साहेबांची बदली होते. तोवर पाऊस आणि वाळवी यांनी आपापलं निर्लेखन केलेलं असतं.

विक्रीचं थोडक्यात सांगते, कारण त्यात नवल नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला की पहिला प्रश्न "आहे का?" असल्याशिवाय फोटो कशाला टाकला असता, हे उत्तर मी आता देत नाही, "आहे" म्हणते. दुसरा, "लास्ट किती?" पहिला भाव सांगण्याआधीच शेवटचा. तिसरा प्रश्न नसतोच, माहिती असते: "माझा मेहुणा सुतार हाय." मराठवाड्यातल्या प्रत्येक पुरुषाचा मेहुणा सुतार असतो आणि तो याहून कमीत करून देत असतो. तरी ते मेहुण्याकडे जात नाहीत, कारण मेहुणा दोन वर्षांपासून 'उद्या येतो' म्हणतोय. ओळखीतले लोक तर पैशाचं बोलतच नाहीत. "तुमच्याकडं पडूनच आहे ना?" म्हणतात. दूरचा माल जमेल तेव्हा केळी नेणाऱ्या गाडीत जातो, पायांभोवती केळीची वाळलेली पानं आणि सुतळी. खुर्च्यांना गुंडाळायला याच्याइतकं मऊ आणि फुकट काही नाही. उघडताना पानांतून एखादा कोळी निघाला तर तो अर्धापूरचा समजावा, त्याचे वेगळे पैसे लावत नाही.

तर मंडळी, तुमच्या माळ्यावर, गोठ्यात, गच्चीवरच्या पत्र्याखाली असं काही असेल तर ते बंबात घालायच्या आधी एकदा उलटं करून बघा. सागवान निघालं तर त्याला खिडक्यांचा उरलेला रंग देऊ नका. विकायचं असेल तर मला फोन करा. भाव सांगा, निजामाचं सांगू नका. आणि घ्यायचं असेल तर कपाटाची लांबी-रुंदी मला विचारू नका, ती मी फोटोखाली लिहिलेली असते. तुमच्या दाराची आणि जिन्याच्या वळणाची मोजून आणा. जुनी कपाटं पाचरा काढून सुटी होतात, पण सगळी नाही. न सुटणारं कपाट फ्लॅटच्या लिफ्टमध्ये मावत नाही, आणि विकलेला माल मी परत घेत नाही.